केपचे सप्टेंबर झुडूप: पॉलीगॅला मिर्टिफोलियाचे वर्गीकरण आणि वर्णन

प्रश्न थोडक्यात असा आहे. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळच्या डोंगरउतारावर सप्टेंबर महिन्यात जांभळ्या फुलांनी भरलेले एक झुडूप प्रश्नकर्त्याने पाहिले. फुलाच्या ठेवणीवरून ते वाटाणा-घेवड्याच्या कुलातील असावे असे त्यांना वाटले, पण तेथील जाणकाराने ते पॉलीगॅला असल्याचे सांगितले. पदव्युत्तर अभ्यासासाठी त्याचे रीतसर वर्णन लिहायचे आहे. मात्र जुन्या पुस्तकांत पॉलीगॅलेसी हे पॉलीगॅलाचे कुल वेगळ्याच गणात (गण म्हणजे जवळच्या कुलांचा समूह) दिसते, नव्या पुस्तकांत ते शिंबावंत, म्हणजे वाटाणा-घेवड्याच्या, कुलाच्या शेजारी बसवलेले आढळते, तेव्हा कोणते खरे मानावे आणि वर्णनाची सुरुवात कोठून करावी, असे त्यांनी विचारले आहे.

सोबतच्या छायाचित्रांत पाने, फुले आणि कोवळी फळे अशी तिन्ही अंगे स्पष्ट दिसत असल्यामुळे ही जाती पॉलीगॅला मिर्टिफोलिया आहे, असे मी निःशंकपणे सांगू शकतो. प्रश्नकर्त्यांचा गोंधळ अगदी स्वाभाविक आहे. या झुडपाचे घेवड्याच्या कुलाशी दोन प्रकारचे नाते आहे. एक नाते दिसण्याचे आहे आणि ते फसवे आहे. दुसरे वंशाचे आहे आणि ते खरे आहे. परंतु पहिल्यावरून दुसरे सिद्ध होत नाही. ही जाती शिंबावंतांच्या गणात गेली ती तिचे फूल वाटाण्याच्या फुलासारखे दिसते म्हणून नव्हे, आणि हे एकदा ध्यानात आले की वर्णन लिहिताना कोणत्या अवयवाला काय म्हणायचे हा प्रश्नही पुष्कळसा सुटतो. म्हणून मी वर्गीकरणाच्या आधी फुलाकडे वळतो.

वाटाण्याच्या फुलात पाच पाकळ्या असतात. मागची मोठी पाकळी म्हणजे पताका, बाजूच्या दोन म्हणजे पंख, आणि पुढच्या दोन पाकळ्या कडेने जुळून होडीच्या तळासारखा जो भाग बनतो तो नौतल. सप्टेंबर झुडपाचे फूल हातात घेतले की हे सारे भाग तेथेही असल्याचा भास होतो. दोन बाजूंना पसरलेले रुंद, जांभळे, गडद शिरांचे पंख दिसतात आणि पुढे नौतल दिसतो. पण फूल उलटे धरून देठाकडून पाहिल्यास चित्र बदलते. ज्यांना आपण पंख समजलो ती पाकळ्यांच्या वर्तुळातील दले नसून संवर्तातील, म्हणजे कळीच्या बाहेरच्या आवरणातील, दले आहेत. या फुलाला संदले पाच आहेत. त्यांपैकी बाहेरची तीन लहान असून त्यांतील एक मागे, म्हणजे फुलोऱ्याच्या अक्षाकडे, आणि दोन पुढे असतात. आतली दोन मोठी, पाकळ्यांसारखी रंगीत आणि बाजूंना पसरलेली असतात. म्हणून या पंखांना वर्णनात ‘पंखसंदले’ म्हणावे, नुसते पंख म्हणू नये, कारण नुसत्या पंख या शब्दाने वाचकाच्या मनात पाकळीच येते.

नौतलाचेही असेच आहे. वाटाण्याचा नौतल दोन पाकळ्यांचा, तर पॉलीगॅलाचा एकाच पाकळीचा असतो. पाकळ्यांच्या वर्तुळात मुळात पाच जागा आहेत; त्यांतील पुढची एक पाकळी नौतल झाली, मागच्या दोन पाकळ्या लहान व टोकाशी दुभंगलेल्या राहिल्या, आणि बाजूच्या दोन जवळजवळ नाहीशा झाल्या. त्यामुळे प्रत्यक्षात तीनच पाकळ्या मोजायला मिळतात. पताका तर येथे नाहीच. याशिवाय एक बारकावा आहे, जो पाठ्यपुस्तकांत क्वचित येतो आणि परीक्षकाला मात्र हमखास आवडतो. शिंबावंतांच्या फुलात विषम, म्हणजे जोडी नसलेले, संदल पुढे असते आणि विषम पाकळी, म्हणजे पताका, मागे असते. पॉलीगॅलामध्ये विषम संदल मागे असते आणि विषम पाकळी, म्हणजे नौतल, पुढे असतो. दोन्ही फुलांचे पुष्पचित्र शेजारी शेजारी काढून पाहिल्यास सगळी रचना अर्धा फेरा फिरवल्यासारखी दिसते. सारखे दिसणारे भाग मुळात वेगळ्या जागी उगवले आहेत याचा याहून स्वच्छ पुरावा सुईने फूल उलगडणाऱ्याला दुसरा मिळणार नाही.

नौतलाच्या टोकाजवळ बारीक फाटे फुटलेला, फिकट पांढरट किंवा जांभळट झुबका असतो. वर्णनात त्याला ‘तुरा’ म्हणणे सोयीचे आहे. पॉलीगॅला प्रजातीच्या (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) अनेक जातींत हा तुरा असतो, परंतु मिर्टिफोलियात तो इतका ठळक असतो की छायाचित्रावरूनही ओळख पटते. फुलावर उतरणाऱ्या कीटकाला तो पाय रोवायला उपयोगी पडतो. केप प्रदेशात या फुलांवर सुतार भुंगे आणि मधमाश्या येतात. कीटक नौतलावर बसला की त्याच्या वजनाने नौतल खाली झुकतो आणि आत दडलेले पुंकेसर व किंजल (किंजपुटावरची दांडी) उघडे पडतात. पॉलीगॅलामध्ये परागकण पुष्कळदा फूल उमलण्यापूर्वीच परागकोशांतून निघून किंजलाच्या टोकावर जमतात आणि तेथून ते कीटकाच्या अंगाला लागतात. म्हणजे परागकण देण्याचे काम पुंकेसरांऐवजी किंजल करतो. वाटाण्याच्या कुलातील कित्येक फुलांतही नौतल झुकण्याची हीच तऱ्हा आहे. एकाच प्रकारच्या पाहुण्यांसाठी दोन कुलांनी वेगवेगळ्या साहित्यातून सारखे फूल घडवले, एवढाच त्या साम्याचा अर्थ.

पुंकेसर आठ असतात. त्यांचे तंतू एकमेकांस जुळून नळी बनते, पण ती मागच्या बाजूने चिरलेली असते आणि खालच्या भागात पाकळ्यांना चिकटलेली असते. परागकोश उभ्या चिरेने फुटत नाहीत, तर टोकाच्या छिद्राने उघडतात. वाटाण्यात पुंकेसर दहा असतात आणि त्यांपैकी एक बहुधा सुटा असतो. किंजमंडलातला फरक तर सर्वांत निर्णायक आहे. शिंबावंतांत एकच किंजदल असते आणि त्याची शेंग होते; येथे किंजपुट, म्हणजे ज्याचे पुढे फळ होते तो भाग, ऊर्ध्वस्थ (इतर पुष्पभागांच्या वर बसलेला), दोन किंजदलांचा, दोन कप्प्यांचा, आणि प्रत्येक कप्प्यात एकच लोंबते बीजक (ज्याचे बी होते ते) असते. त्यामुळे फळ म्हणजे शेंग नसून चपटे बोंड असते. उपपर्णे, म्हणजे पानाच्या तळाशी येणारी लहान पानासारखी अंगे, नसतात. हातात फक्त फांदी असेल आणि फूल नसेल, तरी साधी पाने, उपपर्णांचा अभाव आणि जुन्या मंजरीवर उरलेले एखादे चपटे बोंड एवढ्यावरून शिंबावंत कुल बाजूला सारता येते. पान किंवा फांदी मोडल्यावर चीकही येत नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण या प्रजातीच्या इंग्रजी नावात दूध असल्यामुळे विद्यार्थी रुई किंवा शेराप्रमाणे चीक शोधत बसतात.

आता वर्गीकरण. कार्ल लिनीयसने १७५३ साली स्पीशीज प्लँटारम या ग्रंथात ही जाती याच नावाने प्रसिद्ध केली, म्हणून नावापुढे त्याच्या नावाचे संक्षिप्त अक्षर लिहितात. त्या काळात आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडून येणाऱ्या वनस्पतींचे ठिकाण म्हणून लिनीयस ‘इथिओपिया’ लिहीत असे, आणि ते वाचून आजच्या इथिओपियात ही झाडे शोधण्याचा मोह टाळावा. लिनीयसची पद्धत पुंकेसरांच्या मोजणीवर आणि जुळणीवर आधारलेली होती. पॉलीगॅलाचे पुंकेसर त्याने दोन जुडग्यांतले मानले आणि ही प्रजाती द्विसंघी वर्गातील अष्टकेसरी गटात ठेवली. त्याच वर्गाच्या दशकेसरी गटात वाटाणा, घेवडा, हरभरा ही सारी मंडळी होती. म्हणजे निव्वळ कृत्रिम मोजणीने का होईना, १७५३ मध्येच ही दोन्ही कुले एका छपराखाली होती.

पुढच्या पिढ्यांनी अधिक लक्षणे एकत्र तोलून नैसर्गिक वर्गीकरण करायला घेतले आणि पॉलीगॅला घेवड्यापासून दूर गेली. फ्रान्सच्या आंत्वान लोरां द झ्युस्यूने १७८९ साली ती पेडिक्युलारिस आणि व्हेरोनिका यांच्यासारख्या, आज अगदीच परक्या वाटणाऱ्या, वनस्पतींच्या गटात ठेवली. पॉलीगॅलेसी हे कुल १८०९ साली हॉफमनसेग आणि लिंक यांनी पोर्तुगालच्या वनस्पतींवरील ग्रंथात मांडले. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ बेंथम आणि हूकर यांच्या पद्धतीत ते पॉलीगॅलिनी नावाच्या समूहात, पिटोस्पोरम आणि व्होकिसिया यांच्या कुलांबरोबर आले. आपल्याकडील जुन्या महाविद्यालयीन पुस्तकांत आणि वनस्पतिसंग्रहालयांच्या कपाटांत बेंथम-हूकरचाच क्रम चालत आल्यामुळे अनेक विद्यार्थ्यांची पहिली ओळख त्या ठिकाणी होते. अमेरिकेच्या आर्थर क्रॉन्क्विस्टने १९८१ मध्ये पॉलीगॅलेलीज हा स्वतंत्र गण मानला आणि त्यात माल्पिगिएसी, क्रॅमेरिएसी, झँथोफायलेसी इत्यादी कुले घातली. प्रश्नकर्त्यांच्या हातातले जुने पुस्तक बहुधा या दोहोंपैकी एका परंपरेतले असावे.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात हरितलवकांतील जनुकांचे क्रम मोठ्या प्रमाणावर ताडून पाहिले जाऊ लागले. १९९३ च्या सुमारास अशा तुलनांतून पॉलीगॅलेसी कुल शिंबावंतांच्या शेजारी येऊ लागले आणि १९९८ साली सपुष्प वनस्पतींच्या जातिवृत्त गटाने, म्हणजे वंशसंबंधांवरून वर्गीकरण ठरवणाऱ्या शास्त्रज्ञांच्या गटाने, फॅबेलीज या गणात फॅबेसी (शिंबावंत कुल), पॉलीगॅलेसी, सुरिएनेसी आणि क्विलाजेसी ही चार कुले एकत्र ठेवली. त्या गटाची २०१६ सालची चौथी आवृत्तीही तेच सांगते. आज हेच वर्गीकरण मानावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या क्रमाने लावलेल्या संग्रहालयात नमुना शोधायचा असेल तेव्हा मात्र जुना क्रम माहीत असणे गरजेचे आहे, म्हणून तो विसरूही नये.

येथे एक सावधगिरी हवी. पॉलीगॅलेसी आणि फॅबेसी एका गणात आल्यावर ‘म्हणूनच फुले सारखी’ असे लिहिण्याचा मोह होतो. परंतु त्याच गणातील सुरिएनेसी आणि क्विलाजेसी यांची फुले नियमित, म्हणजे सर्व बाजूंनी सारखी असतात. त्यांत पंखही नाहीत आणि नौतलही नाही. शिंबावंत कुलात तरी सगळ्यांची फुले पतंगरूप, म्हणजे वाटाण्याच्या फुलासारखी, कोठे असतात? बाभूळ आणि बहावा याच कुलातले आहेत. नौतलाचे फूल दोन्ही कुलांत स्वतंत्रपणे उत्पन्न झाले, असा फुलांच्या वाढीचा अभ्यास करणाऱ्यांचा निष्कर्ष आहे आणि वर सांगितलेली उलटसुलट मांडणी त्याला पूर्णपणे जुळते.

कुलाच्या आत झँथोफायली, मुटाबी, कार्पोलोबी आणि पॉलीगॅली असे चार गट मानतात आणि आपली जाती यांतील शेवटच्या गटात येते. संपूर्ण कुलात सुमारे हजार जाती आहेत. पॉलीगॅला ही प्रजाती पूर्वी फार अवाढव्य होती. जिनिव्हाच्या रॉबेर शोदाने १८९१ ते १८९३ या काळात तिचा जगभरचा आढावा घेऊन ती अनेक विभागांत वाटली. आफ्रिका आणि मादागास्करमधील जातींचा आढावा पोर्तुगालच्या जॉर्ज पाइव्हा यांनी १९९८ साली प्रसिद्ध केला. जनुकीय अभ्यासांनंतर या प्रजातीचे तुकडे पडू लागले असून अमेरिका खंडांतील पुष्कळ जाती आता वेगळ्या प्रजातींत गेल्या आहेत. खोकल्यावरील औषध म्हणून प्रसिद्ध असलेली उत्तर अमेरिकेतील सेनेगाही त्यांतच गेली. मिर्टिफोलियाला मात्र या वाटणीची झळ लागलेली नाही आणि तिचे १७५३ चे नाव जसेच्या तसे चालते.

दक्षिण आफ्रिकेत तिच्याशी गोंधळ होण्याजोग्या जाती पुष्कळ आहेत. पॉलीगॅला फ्रुटिकोझाची पाने समोरासमोर, बिनदेठाची आणि तळाशी हृदयाकार असतात, तर मिर्टिफोलियाची एकाआड एक आणि तळाशी निमुळती. एवढ्या एका लक्षणावर दोघी वेगळ्या होतात. पॉलीगॅला व्हिर्गाटाचे झुडूप उंच व सडपातळ असते, तिच्या फांद्यांच्या टोकांना लांबलचक मंजऱ्या येतात आणि खालच्या भागात पाने विरळ होत जातात. मिर्टिफोलियाच्या मंजऱ्या आखूड, थोड्या फुलांच्या आणि पानांच्या गर्दीत बसलेल्या असतात. मुराल्टिया ही दुसरी प्रजाती केप प्रदेशाचीच म्हणावी अशी आहे. तिच्या सुमारे १२० जातींपैकी बहुतेक तेथेच वाढतात. तिची फुले लहान, पुंकेसर बहुधा सात, पंखसंदले बहुतेक जातींत इतर संदलांपेक्षा फारशी मोठी नसतात आणि पुष्कळ जातींत बोंडाच्या माथ्यावर चार शिंगे असतात. पाने बहुधा अरुंद व टोचरी. टोचरी पाने आणि शिंगांचे बोंड दिसले की पॉलीगॅलाचा विचार सोडून द्यावा.

रोपवाटिकेतले झुडूप असेल तर आणखी एक शक्यता उरते. फ्रुटिकोझा आणि मिर्टिफोलिया यांच्या संकरातून झालेले पॉलीगॅला दालमेझियाना युरोप-अमेरिकेच्या बागांत मोठ्या प्रमाणावर लावतात. ते ठेंगणे, भरगच्च असते आणि त्याला फळे सहसा धरत नाहीत. आपल्या छायाचित्रांत फळे स्पष्ट आहेत आणि झुडूप मोकळ्या उतारावरचे आहे, म्हणून मी ही शक्यता वगळली.

वर्णनाचा क्रम नेहमी बाहेरून आत आणि खालून वर असा ठेवावा: आधी झाडाची ठेवण, मग खोड, पान, फुलोरा, फूल, फळ, बीज. मी ते असे लिहीन. सदापर्णी, सरळ वाढणारे, खूप फांद्यांचे झुडूप किंवा लहान झाड, साधारणतः एक ते दोन मीटर, अनुकूल जागी चार मीटरपर्यंत उंच. कोवळ्या फांद्या बारीक लवदार. पाने साधी, एकाआड एक, उपपर्णरहित, आखूड देठाची. पाते लंबगोल, व्यस्त अंडाकृती, भाल्यासारखे किंवा अगदी अरुंद, बहुधा अडीच ते पाच सेंटिमीटर लांब आणि सव्वा सेंटिमीटरपर्यंत रुंद, कडा अखंड, टोकाला बारीक अणी. फुले आखूड फांद्यांच्या टोकांवरील थोड्या फुलांच्या मंजरीत, द्विलिंगी, एकसमात्र (एकाच उभ्या छेदाने दोन सारखे भाग होणारी), जांभळी, क्वचित गुलाबी किंवा पांढरी. संदले पाच, सुटी. बाहेरची तीन लहान, आतली दोन मोठी, पाकळीसारखी, गडद शिरांची. पाकळ्या तीन, मागच्या दोन दुभंगलेल्या, पुढची एक नौतल, तिच्यावर फाटे फुटलेला तुरा. पुंकेसर आठ, तंतू जुळून मागे चिरलेली नळी, परागकोश टोकाच्या छिद्राने उघडणारे. किंजपुट ऊर्ध्वस्थ, दोन कप्प्यांचा, प्रत्येक कप्प्यात एक लोंबते बीजक, किंजल वाकलेला. फळ चपटे बोंड, कडेला अरुंद पाळ, माथ्यावर खाच, कडेने फुटणारे. बिया दोन, केसाळ, एका टोकाला मांसल गाठ असलेल्या.

वरील मापे जातीच्या एकूण आवाक्याची आहेत. आपल्या प्रकल्पात मात्र आपण स्वतः मोजलेलीच मापे लिहावीत, आणि पुस्तकातली मापे उतरवल्यास तसे सांगावे. वर्णनात ‘सुंदर’, ‘आकर्षक’, ‘मध्यम आकाराची’ असले शब्द आले की माझ्या हातातली लाल पेन्सिल आपोआप चालते, कारण दुसऱ्या माणसाला त्यावरून काहीच ताडून पाहता येत नाही. दाबून वाळवलेल्या नमुन्यात जांभळा रंग उडतो, म्हणून रंग ताज्या फुलावरूनच टिपावा. वाळलेले फूल उलगडायचे असल्यास ते काही मिनिटे गरम पाण्यात भिजवून मऊ करावे. कोरड्या फुलावर सुई चालवली तर मागच्या पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी हमखास फाटते. सूक्ष्मदर्शक उपलब्ध असेल तर परागकण अवश्य पाहावेत. पॉलीगॅलेसीचे परागकण पिंपाच्या आकाराचे असून त्यांच्या कडेने अनेक उभ्या खाचा असतात. एका काचपट्टीवर कुलाची खात्री करून देणारी इतकी चांगली खूण थोड्याच कुलांना लाभली आहे.

बीजावरच्या मांसल गाठीबद्दल थोडे अधिक लिहिण्यासारखे आहे. तिच्यात मुंग्यांना आवडणारा तेलकट ऐवज असतो. मुंग्या बी वारुळाकडे ओढून नेतात, गाठ खातात आणि उरलेले बी तेथेच टाकून देतात. केप प्रदेशाच्या झुडपी वनस्पतिजीवनात, ज्याला तेथे फिनबोस म्हणतात, मुंग्यांकरवी बीजप्रसार ही फार मोठी व्यवस्था आहे. म्हणून या जातीच्या वर्णनात बीजाच्या गाठीचा आकार आणि तिचे खंड, म्हणजे भाग, टिपणे ही नुसती औपचारिकता मानू नये. प्रजातीच्या अंतर्गत वर्गीकरणातही या गाठीचे रूप उपयोगी पडते.

ही जाती मूळची दक्षिण आफ्रिकेची. पश्चिम केपमधील क्लॅनविल्यमच्या परिसरापासून केप द्वीपकल्पापर्यंत आणि पुढे दक्षिण व आग्नेय किनाऱ्याने क्वाझुलू-नाताळपर्यंत ती पसरली आहे. वाळूचे किनारे, वालुकाश्माचे उतार, फिनबोस, जंगलाच्या कडा, ओढ्यांचे काठ अशा भिन्न जागी ती सारख्याच सहजतेने वाढते आणि वाढीलाही वेगवान आहे. फुले जवळजवळ वर्षभर असतात, पण बहर तेथील वसंतात येतो. दक्षिण गोलार्धात वसंत सप्टेंबरच्या सुमारास असतो, म्हणून आफ्रिकान्स भाषेत तिला सेप्टेम्बरबॉस, म्हणजे सप्टेंबरचे झुडूप, म्हणतात. खोसा भाषेत उलोपेसी आणि झुलू भाषेत उच्वाशा अशी नावे आहेत. केपमधील मलय मुसलमान समाज तिच्या फांद्यांची साल खरवडून पाण्यात घुसळत असे आणि दफनापूर्वी मृतदेह धुण्यासाठी तो फेस वापरत असे, अशी एकोणिसाव्या शतकातील नोंद आहे. त्यात अद्भुत असे काही नाही. या कुलात सॅपोनिने, म्हणजे साबणासारखी फेसाळणारी द्रव्ये, भरपूर असतात आणि रिठ्याचा फेसही त्यांचाच असतो.

परदेशात या झुडपाची कीर्ती दुहेरी आहे. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील किनारी भागांत आणि न्यूझीलंडमध्ये ते बागांतून निसटून तण बनले आहे. मोठी झुडपे उपटली तरी जमिनीतल्या बियांतून रोपे उगवतच राहतात. युरोपात वेगळेच संकट आले. झायलेला फास्टिडिओसा हा जिवाणू झाडांच्या पाणी वाहणाऱ्या नलिका बुजवतो. इटलीच्या अपुलिया प्रांतातील ऑलिव्ह वृक्षांवर तो २०१३ मध्ये आढळला, आणि २०१५ मध्ये फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावर तो सापडला तो प्रथम शोभेसाठी लावलेल्या याच जातीच्या झुडपांत. पाने टोकाकडून करपतात, पुष्कळदा ते पाण्याअभावी झाले असे वाटते आणि तोवर कीटकांनी जिवाणू शेजारच्या झाडांत नेलेला असतो. तेव्हापासून युरोपीय संघात या जातीच्या रोपांच्या व्यापारावर तपासणीचे कडक नियम आहेत. वर्गीकरणाच्या प्रकल्पात रोगाची माहिती कशाला, असे कोणी विचारील. परंतु मिर्टिफोलिया आणि तिचा संकर वेगळे ओळखता येणे हा अशा तपासणीत केवळ पुस्तकी प्रश्न राहत नाही. भारतात तिची रोपे किंवा बिया आणण्याचा विचार असल्यास २००३ सालच्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे आयात परवाना लागतो. विमानातून खिशात बिया आणण्याचा हौशी प्रकार कृपया करू नये.

फुलाची रचना प्रत्यक्ष शिकायची असेल तर आफ्रिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. पावसाळ्याच्या उत्तरार्धात सह्याद्रीच्या पठारांवर आणि गवताळ माळांवर पॉलीगॅलाच्या लहान, वर्षायू जाती उगवतात. पॉलीगॅला आर्वेन्सिसची फुले पिवळी असतात, तर पॉलीगॅला पर्सिकारिफोलियाची गुलाबी-जांभळी. ही दुसरी जाती उष्ण कटिबंधीय आफ्रिकेतही सापडते, त्यामुळे आफ्रिकी पॉलीगॅला म्हणून तिच्याकडे बोट दाखवणेही चुकीचे ठरणार नाही. फूल चिमुकले असते आणि दहापट भिंगाशिवाय काही उमगत नाही. पण दोन पंखसंदले, एका पाकळीचा नौतल, तुरा आणि दोन बियांचे चपटे बोंड ही सारी मांडणी तीच. कोकणातील ओलसर जागी सालोमोनिया ही याच कुलातील आणखी एक नाजूक वनस्पती भेटते, आणि पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात झँथोफायलम हा मोठा वृक्षही आहे. एकाच कुलात बोटभर रोपापासून वृक्षापर्यंतचा पसारा पाहिल्यावर ठेवणीवरून कुल ठरवण्याची सवय सुटते.

राहता राहिला जातीखालच्या भेदाचा प्रश्न. मिर्टिफोलियाची पाने फार बदलती असतात. रुंद, मेंदीच्या पानांची आठवण करून देणारी पाने आणि सुईसारखी अरुंद पाने अशी दोन टोके एकाच जातीत दिसतात. अरुंद पानांच्या झुडपांना काही लेखक पिनिफोलिया या वेगळ्या प्रकाराचे नाव देतात. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम हार्वेने १८६० साली फ्लोरा कापेन्सिस या केपच्या वनस्पतींवरील ग्रंथाच्या पहिल्या खंडात या प्रजातीचे वर्णन केले, तेव्हापासून या पानांच्या बदलाला किती महत्त्व द्यावे यावर मतभेद चालू आहेत. माझे मत असे की, मधल्या रुंदीची पाने असलेली झुडपे भरपूर असताना केवळ एका फांदीवरून प्रकाराचे नाव लिहू नये. आपल्या छायाचित्रांत फांदीचा फक्त शेंडा दिसतो. त्याच झुडपाची खालची जुनी पाने पट्टी शेजारी ठेवून टिपलेली असतील, शेजारच्या दोन-चार झुडपांचीही छायाचित्रे असतील आणि उताराची दिशा व किनाऱ्यापासूनचे अंतर नोंदवलेले असेल, तर ते सारे पाठवावे. त्यावरून प्रकाराबद्दल काही बोलता येईल. तोवर आपल्या नमुन्याच्या चिठ्ठीवर ‘पॉलीगॅला मिर्टिफोलिया, लिनीयस’ एवढेच लिहावे.